आधीचा फोन आणि नंतरचा कागद : मानसशास्त्रीय चाचण्या करू लागलेल्यांसाठी

"मॅडम, आयक्यू टेस्टचे किती घेता? आणि रिपोर्ट आजच मिळेल ना?"

कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच हा फोन येतो. एम.ए.ला आपण विश्वसनीयता, यथार्थता, प्रमाणित गुण हे सगळं घोकलेलं असतं. या फोनला काय उत्तर द्यायचं, ते मात्र कुणी शिकवलेलं नसतं. वीसएक वर्षं मी पुण्यात मुलांच्या आणि मोठ्यांच्या चाचण्या करते आहे. माझ्या आणि माझ्याकडे शिकायला आलेल्यांच्या चुका मोजायला बसले, तर प्रत्यक्ष टेबलावर झालेल्या थोड्याच निघतील. बाकीच्या एकतर त्या आधीच्या फोनवर झाल्या, नाहीतर नंतरच्या कागदावर. कायदा आणि नीती हे विषय आपण परीक्षेपुरते वाचतो, पण रोजच्या कामात ते या दोन जागी गाठतात. म्हणून त्याच क्रमाने सांगते.

पायरी १ : आधी आपली पाटी वाचा

पुण्यात पाट्यांचं कौतुक फार. आपल्या धंद्यात मात्र पाटीवरचा मजकूर थेट कोर्टापर्यंत नेऊ शकतो.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे दोन शब्द कुणीही उचलून लावावेत असे नाहीत. भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे जिला सगळे आरसीआय म्हणतात तिचा, कायदा १९९२ चा आहे. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यात मोडतात. कलम १३ मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजाराचा आकडा वाचून हसू येतं, पण कैदेचा भाग पुन्हा एकदा वाचा. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआयने मान्य केलेल्या शिक्षणाशीच बांधलेली आहे.

मग नुसतं एम.ए. झालेल्यांनी काय करायचं? समुपदेशनासाठी अभिक्षमता, आवड, व्यक्तिमत्त्व यांच्या चाचण्या घ्या. नोंदणीकृत वरिष्ठांच्या देखरेखीखाली बुद्धिमापन शिका. पण निदान लिहू नका आणि सहीखाली स्वतःला 'क्लिनिकल' म्हणवू नका. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञांचाही समावेश आहे, म्हणजे हे क्षेत्र कायमचं मोकळं राहील या भरवशावर राहू नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण त्याने रोर्शाक, म्हणजे शाईच्या डागांची चाचणी, येत नाही. आणि पीएच.डी. असेल तर 'डॉ.' जरूर लावा, फक्त गोळ्या लिहून मागायला आलेल्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका की मी त्यातली डॉक्टर नाही.

पायरी २ : फोनवरच तीन प्रश्न

फी सांगण्याआधी विचारायचं : चाचणी करायला कुणी सांगितलं? कशासाठी? आणि कागद कोणाच्या हातात जाणार?

या तीन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. 'शाळेने सांगितलंय, पहिलीच्या प्रवेशाला आयक्यू रिपोर्ट लागतो' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १३ : हा कायदा ज्या शाळांना लागू आहे, त्यांना प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. तुमचा अहवाल त्या चाळणीचं जाळं होणार असेल, तर कितीही अचूक काढला तरी काम चुकीचंच. मी पालकांना सांगते, शाळेकडून ही मागणी लेखी घेऊन या. लेखी कधीच येत नाही, आणि मागणीही तिथेच विरते.

'दहावीला सवलत हवी आहे' हा दुसरा नेहमीचा फोन. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त सरकारी वा पालिका रुग्णालयातलंच लागतं. मुंबईत पालक शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या दारात रांग लावतात ती त्यासाठीच. आपल्या खासगी अहवालाने मूल कुठे अडतंय ते कळतं, उपचारात्मक शिकवणी ठरवता येते, पण सवलत मिळत नाही. हे फोनवर सांगितलं नाही आणि चार हजार रुपये घेतल्यावर सांगितलं, तर पालक तुम्हाला फसवणूक करणारी म्हणतील, आणि मला त्यात त्यांचीच बाजू पटते. शिवाय सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. सहा वर्षांच्या मुलाची आई 'लवकर लेबल मिळू दे' म्हणत असेल, तर तिला हे सांगून घरी पाठवणं हीच त्या दिवशीची सेवा.

तिसरा प्रकार जरा जड आहे. वडील फोन करतात : "मुलगी वीस वर्षांची आहे, चांगली शिकत होती, आता भलत्याच जातीतल्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. तिची एक पर्सनॅलिटी टेस्ट करून द्या, डोकं ठिकाणावर नाही म्हणून." आवाजात राग कमी आणि घाबरणं जास्त असतं, म्हणून नवख्या माणसाला दया येते. पण मुलगी सज्ञान आहे, संमती तिची आणि अहवालही तिचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ तर स्पष्टच सांगतं की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींशी कुणी जुळवून घेत नाही, एवढ्यावरून मानसिक आजार ठरवता येणार नाही. अशा वडिलांना मी स्वतःसाठी भेटायला बोलावते. निम्मे येतात.

पायरी ३ : संमती म्हणजे सहीचा रकाना नव्हे

संमतीपत्र मराठीत करा. इंग्रजी छापील फॉर्मवर 'इथे सही करा' म्हणून बोट ठेवणं याला संमती म्हणत नाहीत. एका पानात हे मावतं : चाचणी कशासाठी, किती वेळ, किती बैठका, फी किती, अहवाल कधी मिळेल, त्यात काय असेल, कोणते कागद मिळणार नाहीत, गुप्तता कुठे मोडावी लागेल, आणि मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल. शेवटचा मुद्दा तोंडानेही सांगा.

मूल १८ च्या आतलं असेल तर सही पालकाची, पण होकार मुलाचाही घ्या. मी विचारते, "आज आपण काय करणार आहोत, तुला काय सांगितलंय घरी?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एकाने सांगितलं होतं, इंजेक्शन देणार आहात. दुसरीला सांगितलं होतं, बाईंनी नापास केलं तर हॉस्टेलला टाकणार. त्या भीतीखाली घेतलेला गुण भीतीचाच असतो.

आईवडील वेगळे राहत असतील तर ताबा कोणाकडे आहे, कोर्टाचा काही आदेश आहे का, हे विचारायला लाजू नका. आदेशाची प्रत फाइलला लावा.

पायरी ४ : कोणती चाचणी, कोणाच्या प्रमाणकांवर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी मुलांच्या बाबतीत खरा घोळ इथेच होतो.

आपल्याकडे अजूनही बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी सर्रास वापरली जाते. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांवर बेतलेली ही चाचणी, म्हणजे आपल्या भाषेत उभं राहिलेलं हे पहिल्या पिढीचं काम. त्याबद्दल आदरच आहे. नागपूरला काम करणाऱ्या आर्थर मॅलिन यांनी वेश्लरची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली, ती १९६९ ची. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापिकेची आपण वापरतो ती आवृत्तीही मॅलिन यांचीच, म्हणून तिला आजही 'नागपूर रूपांतर' म्हणतात. बुद्धिमापनाच्या भारतीय इतिहासात महाराष्ट्राचा हा वाटा किती जणांना माहीत असतो कोण जाणे.

पण आदर वेगळा आणि प्रमाणकं, म्हणजे कोणत्या वयाच्या मुलांना सरासरी किती गुण पडतात त्याचे तक्ते, वेगळी. ही प्रमाणकं ज्या मुलांवर काढली, ती आज आजीआजोबा आहेत. न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की अमेरिकेत चाचण्यांवरची सरासरी कामगिरी दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वर सरकत होती. म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. ७० च्या आसपासच्या मुलाला याचा फटका बसतो : जुन्या चाचणीवर ७८ आले, घरचे सुटलो म्हणाले, आणि ज्या मदतीचा त्याला हक्क होता ती पाच वर्षं मिळाली नाही. दुसऱ्या टोकाला १३५ आले म्हणून पेढे वाटले जातात आणि मुलगा आयुष्यभर त्या आकड्याशी स्पर्धा करत बसतो.

नवी चाचणी परवडत नसेल, उपलब्ध नसेल, तर जुनी वापरा. पण कोणती, कोणत्या सालची प्रमाणकं, आणि म्हणून आकडा कितपत धरायचा, ते अहवालात लिहा. मूळ संच विकत घ्या. फोटोकॉपी केलेलं मॅन्युअल स्वामित्वहक्काच्या कायद्यात बसत नाही हे एक. दुसरं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता चित्रातली बारीक रेघ उडालेली असते, आणि ती रेघ न दिसल्याबद्दल आपण मुलाला शून्य देतो. रोर्शाकच्या दहा कार्डांपैकी काहींवर रंग आहेत. कलर प्रिंटरवरून काढलेल्या लाल रंगाला प्रतिसाद कुणाचा मोजायचा, माणसाचा की प्रिंटरचा?

आता भाषा. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी, सदाशिव पेठेत वाढलेली, कराडजवळच्या गावातल्या नऊ वर्षांच्या मुलाची चाचणी घेत होती. मी काचेपलीकडे. शब्दार्थाचा भाग चालला होता. (प्रश्न खरा सांगत नाही, तसाच दुसरा रचला आहे, का ते पुढे येईल.) तिने विचारलं, "आमटी म्हणजे काय?" मुलगा लगेच म्हणाला, "कोरड्यास." तिने पेन्सिल थांबवली, थोडी वाट पाहिली आणि शून्य लिहिलं. तिला वाटलं, कोरडं काहीतरी म्हणतोय, म्हणजे कळलेलं नाही. त्या मुलाच्या घरी भाकरीबरोबर जे पातळ असतं त्याला कोरड्यासच म्हणतात. त्याने नेमकं उत्तर दिलं होतं. असे चार-पाच शब्द गेले की मूल सरासरीवरून खाली घसरतं, आणि कागदावर ते त्याच्या डोक्याचं माप म्हणून छापलं जातं.

म्हणून ज्या भागातलं मूल, तिथली बोली माहीत नसेल तर आईला आधी विचारून ठेवा : घरी काय बोलता? आपण प्रश्न स्वतःच्या मनाने सोपा करून विचारायचा नाही, कारण मग प्रमाणकं निरुपयोगी होतात. पण उत्तर कोणत्या भाषेत आलं हे समजून घेणं आपलं काम आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांचं हेच. आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या, पण घरी मराठीशिवाय काही न ऐकलेल्या मुलाची नुसती इंग्रजीतून शाब्दिक चाचणी घेतली, तर तुम्ही त्याचं इंग्रजी मोजलंत.

वाचन-लेखनाच्या अडचणींसाठी मराठीत साधनं थोडी आहेत, पण आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. ती नसताना इंग्रजी यादी घरी बसून भाषांतरित करू नका. इंग्रजीत अडखळणारं मूल आणि मराठीत अडखळणारं मूल वेगळ्या जागी अडखळतं : रफार, जोडाक्षरं, मात्रा-वेलांटीची अदलाबदल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मात्र कुणाला अध्ययन अक्षम ठरवू नका, नाहीतर अर्धा महाराष्ट्र रांगेत उभा करावा लागेल.

पायरी ५ : टेबलावर

मूल जेवलंय का, चष्मा आणलाय का, रात्री झोपलंय का. एसटीने चार तास प्रवास करून आलेल्या मुलाची चाचणी त्याच तासाला सुरू करू नका. मॅन्युअलमधल्या सूचना शब्दशः वाचा. पालक खोलीत नकोत. असावेच लागले तर तसं नोंदवा. काही बिघडलं, वीज गेली, मूल रडलं, तर तेही लिहा. झालं.

पायरी ६ : जिथे गप्प राहता येत नाही

चाचणीच्या खोलीत मुलं बोलून जातात. कधी वाक्यपूर्तीत, कधी चित्र दाखवताना. लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ तुम्हालाही लागू आहे. गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडण्याची भीती असेल, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. आई म्हणाली 'घरातलं आहे, घरात मिटवू', शाळा म्हणाली 'आधी आमची समिती बसू द्या', तरी सुटका नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवलं, तर त्याबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. कायद्याला १८ च्या आतलं प्रत्येक जण मूल आहे. सतरा वर्षांच्या मुलीने 'माझ्या मर्जीने' असं सांगितलं तरी कायदा तेच म्हणतो. हे मला प्रत्येक वेळी पटतं असं नाही, पण बंधन पटण्यावर नाही.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. तो तपास पोलिसांचा आणि दंडाधिकाऱ्यांचा. मुलाने जे शब्द वापरले ते तसेच, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि थांबा. आणि नुसत्या चित्रावरून निष्कर्ष काढायचा नाही. माणसाच्या चित्राला हात काढले नाहीत, झाडाला ढोली काढली, म्हणून अत्याचार सिद्ध होत नाही. मदतीला चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आहे.

मोठ्यांच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं : दुसऱ्या कुणाला इजा होण्यापासून वाचवायचं असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, उपचार करणाऱ्या दुसऱ्या व्यावसायिकाला माहिती लागत असेल, कोर्टाने किंवा सक्षम प्राधिकरणाने आदेश दिला असेल. तेव्हाही गरजेपुरतंच सांगायचं, सगळी फाइल उघडायची नाही. नैराश्याच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांवर खूण दिसली, तर 'गुण काढून शुक्रवारी कळवते' असं चालत नाही. माणूस समोर असतानाच तो प्रश्न बघायचा, विचारायचं, घरचं कोण येऊ शकतं ते ठरवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक टेबलावर चिकटवून ठेवा.

पायरी ७ : कागद

आता माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला : "तुमच्याकडे आमचा मुलगा येऊन गेला ना, किती आला हो?" आवाज काळजीचा होता. मी आकडा सांगितला. पालकांनी चाचणीला संमती दिली होती, शाळेला सांगायला नव्हती. मला त्या क्षणी हा फरक सुचलाही नाही. महिन्याभराने आई आली. बसली नाही. पर्स दोन्ही हातांनी धरून उभ्यानेच म्हणाली, "वर्गात बाई त्याला अठ्ठ्याहत्तर म्हणून हाक मारतात." मी माफी मागितली. ती 'असू दे' म्हणाली, आणि परत कधी आली नाही.

तेव्हापासून माझ्या संमतीपत्रात वेगळी ओळ आहे : शाळेला द्यायचं – पूर्ण अहवाल / फक्त शिफारशी / काही नाही. बहुतेक पालक मधला पर्याय निवडतात, आणि शाळेलाही खरंतर तेवढंच लागतं : पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्या, मोठ्याने वाचायला लावू नका.

अहवालात आकडा एकटा सोडू नका. सरासरी १००, प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९६ धरली तर मापनाची प्रमाण त्रुटी ३ येते. म्हणजे दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट जागा सोडली, तर ९२ आलेल्या मुलाचा खरा गुण ८६ ते ९८ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. तो पट्टा लिहा. '९२ आला, भावाचा ९६ आहे' ही तुलना तिथेच निकालात निघते. स्वमग्नतेसाठी (ऑटिझम) 'इसा' ही भारतीय मापिका वापरली, तर ४० प्रश्नांचे ४० ते २०० गुण होतात आणि ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम, १५३ च्या वर तीव्र असे टप्पे पडतात. पण १०६ आणि १०७ मधल्या मुलात फरक शोधायला जाऊ नका. टप्पा लिहा आणि मूल प्रत्यक्षात काय करतं त्याचं वर्णन लिहा. 'सदर बालकाचे आकलन क्षेत्र अवनत आढळते' असं काही लिहू नका. तीन सूचना एकदम दिल्या तर तिसरी विसरतो, एवढं पुरे.

जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. एका बैठकीत घेतलेल्या बुद्धिमापनावरून 'आईचे लाड कारणीभूत' असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. आणि अहवाल हातात देऊन पाठवू नका, समोर बसवून समजावून सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला अहवाल संध्याकाळपर्यंत मावशीच्या ग्रुपवर असतो.

अहवाल पालकांचा किंवा त्या व्यक्तीचा हक्क आहे. उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यातही आहे. पण चाचणीचे प्रश्न, चित्रं, गुणदानाची किल्ली हे कुणालाही द्यायचं नाही. एकदा प्रश्न बाहेर फुटले, शिकवणीवाल्यांच्या हाती लागले, की ती चाचणी पुढच्या हजार मुलांसाठी मेली. वर मी आमटीचा प्रश्न रचून सांगितला तो यासाठी. वडील 'उत्तरपत्रिका दाखवा' म्हणून अडून बसले, तर दुसऱ्या पात्र मानसशास्त्रज्ञाचं नाव मागा आणि त्यांच्याकडे पाठवा.

पायरी ८ : वकील, कोर्ट आणि नवरा-बायको

घटस्फोटाच्या दाव्यात एक बाजू तुमच्याकडे येते आणि दुसरीबद्दल लिहून मागते. "नवऱ्याला पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे असं एक वाक्य टाका, सगळं मी सांगितलंच आहे तुम्हाला." ज्याला भेटला नाहीत, तपासलं नाहीत, त्याच्याविषयी मत लिहायचं नाही. 'पत्नीच्या सांगण्यानुसार' अशी कुंपणं घालूनही नाही. कोर्टात कुंपण गळून पडतं आणि वाक्य उरतं. आणि ज्या व्यक्तीचं समुपदेशन तुम्ही वर्षभर करताय, तिच्याच बाबतीत कोर्टासाठी तटस्थ मूल्यमापन करायला बसू नका. दोन खुर्च्यांवर एकदम बसता येत नाही, दुसऱ्याकडे पाठवा.

आजार असणं आणि 'विकल मनाची व्यक्ती' असणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. आजाराच्या निदानावरून माणूस कायद्याने वेडसर ठरत नाही. ते सक्षम न्यायालयच जाहीर करतं. वकील या दोन्हीची सरमिसळ करायला उत्सुक असतात, तुम्ही करू नका.

नुसत्या वकिलाच्या पत्रावर फाइल द्यायची नाही. कोर्टाचं समन्स आलं तर जायचं. आपल्याकडे वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्याचं जसं संरक्षण आहे, तसं मानसशास्त्रज्ञाला नाही. न्यायाधीशांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. मात्र ही माहिती गोपनीय आहे, मोहोरबंद पाकिटात देऊ का, अशी विनंती करता येते, आणि ती ऐकली जाताना मी पाहिली आहे. साक्षीला जाताना मॅन्युअल वाचून जा. उलटतपासणीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा तुमच्या पाटीबद्दलच असतो.

पोलिसांकडून 'खोटं पकडायची टेस्ट' मागितली गेली तर लक्षात ठेवा : ५ मे २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी तपासणी व्यक्तीच्या संमतीविना करायला मनाई केली आहे.

नोकरीच्या निवडीसाठी कंपनीने चाचण्या दिल्या, तर अहवाल कंपनीचा असला तरी समोरचा माणूस अंधारात नको. निकाल कोण बघणार, त्याला स्वतःला दाखवणार की नाही, हे आधी सांगा. आणि निवडीच्या चाचणीतून आजारपणाचं निदान कंपनीला देऊ नका, त्यांनी कितीही सहज विचारलं तरी.

पायरी ९ : कपाट आणि मोबाइल

कागद कुलपात, किल्ली एकीकडे, आणि कुणी फाइल काढली त्याची वही. संगणकावर पासवर्ड. मुलाचा फोटो, आकृत्यांचा फोटो, गमतीशीर उत्तराचा स्क्रीनशॉट, काहीही स्टेटसला नाही. नाव झाकलं तरी गावात मूल ओळखू येतं. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ च्या आतल्यांची माहिती डिजिटल स्वरूपात हाताळताना पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. हल्ली नवी मुलं अहवालाचा कच्चा मजकूर एआयला देऊन 'नीट लिहून दे' म्हणतात. नाव, शाळा, गाव, जन्मतारीख त्यात असेल, तर तुम्ही ती माहिती अनोळखी माणसाच्या टेबलावर ठेवलीत. भाषा कच्ची असेल तर वरिष्ठाकडून तपासून घ्या, लाल पेन सोसा.

फीची पावती द्या. फी घेतली की ग्राहक संरक्षण कायदा आलाच. तक्रार झाली तर संमतीपत्र, नोंदी आणि पावती एवढंच तुमच्या बाजूने बोलतं. कुणी 'पेशंट पाठवतो, वीस टक्के ठेवा' म्हणालं, तर त्याचं मराठीतलं नाव 'कट' आहे आणि उत्तर नाही हे आहे.

मुलांच्या फाइली लवकर रद्दीत घालू नका. आठव्या वर्षी तपासलेलं मूल चौदाव्या वर्षी परत येतं. मागच्या जूनमध्ये तो कोरड्यासवाला मुलगा आला, मिसरूड फुटलेला, नववीत. आईने पहिला अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता, पण मधलं एक पान पुरात भिजून गेलं होतं. मी कपाट उघडलं. फाइल होती, शून्य खोडून वर दोन लिहिलेली आणि बाजूला माझी सही.